हंगामी कामगाराचे बारमाही पोट

(यवतमाळ येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

'कारखान्यातील कामगारांचे आरोग्य आणि आहार' हा विषय आपण मला दिला आहे. आरोग्यशास्त्र हा माझा प्रांत नव्हे; मी अर्थशास्त्राचा अध्यापक. परंतु माणसाच्या पोटात किती अन्न जाते हा प्रश्न वैद्याकडे पोहोचण्याआधी मजुरीचा असतो, आणि मजुरीचा प्रश्न हा तर आमच्या शास्त्राचा गाभाच आहे. तेव्हा त्या बाजूने मी या विषयाकडे पाहणार आहे. आपल्या जिल्ह्यात कारखाना म्हटला की प्रथम डोळ्यांसमोर येतो तो कापसाचा जीन. म्हणून वणी, पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव, दारव्हा, यवतमाळ येथील जिनिंग-प्रेसिंगमध्ये राबणारा कामगार, आणि त्यातही विशेषतः स्त्री-कामगार, हाच माझ्या बोलण्याचा विषय राहील.

आरंभ कायद्याच्या एका यादीपासून करतो. १९३४ च्या कारखाने कायद्याने कारखान्यांचे दोन वर्ग पाडले : बारमाही आणि हंगामी. हंगामी कोणते, याची यादी दिली : कापसाचे जिनिंग, कापूस व ताग यांचे प्रेसिंग, भुईमूग फोडणे, आणि कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, गूळ व चहा तयार करणे. यवतमाळच्या काळ्या मातीत चहाचे झुडूप उगवत नाही. परंतु आसामच्या चहा कारखान्यातील मजूर आणि वणीच्या जिनातील मजूर कायद्याच्या पानावर असे शेजारी बसलेले आहेत. बारमाही कारखान्यात कामाची मर्यादा दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास. हंगामी कारखान्यात मात्र ती ११ आणि ६० तास. जणू हंगामात काम करणाऱ्याच्या हाडामांसाची घडण निराळी असते!

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने तासांचा हा भेद काढून टाकला. पण त्याच १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला आणि त्यात तीच यादी पुन्हा अवतरली. या वेळी तिचा उपयोग हंगामी कारखान्यांना आजाराच्या विम्यातून वगळण्यासाठी झाला. पुढे २०२० साली सामाजिक सुरक्षा संहिता संमत झाली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. तिच्यातही राज्य विम्याचे प्रकरण 'हंगामी कारखाना वगळून' लागू आहे. राज्यकर्ते बदलले, संविधान आले, कामगार कायद्यांच्या संहिता झाल्या. यादी मात्र नव्वद वर्षे टिकून आहे. आपल्या प्रश्नाचे मूळ मला या यादीत दिसते. कारखाना हंगामी असू शकतो, पण कामगाराचे पोट बारमाही असते.

आता जिनातील कामाकडे पाहू. गाडीतून उतरलेल्या कापसाचे ढीग पडतात. त्यांतील पाने, कवडी, कचरा बायका निवडतात. जेथे यंत्राला कापूस आपोआप पोचवण्याची सोय नाही, तेथे तो टोपल्यांतून नेऊन हाताने यंत्राच्या तोंडी द्यावा लागतो. रोलरवर रुई व सरकी वेगळी होते, रुई गोळा करून प्रेसकडे जाते आणि सुमारे १७० किलोची गाठ बांधली जाते. हे सर्व उभ्याने, वाकून आणि ओझे वाहून करायचे. कानांत यंत्राचा अखंड खडखडाट, आणि श्वासागणिक नाकातोंडात जाणारे तंतू व धूळ. संरक्षण म्हणून नाकावर ओढलेला पदर, एवढेच. कापसाच्या धुळीने फुप्फुसांना जडणाऱ्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येणे हे त्याचे नेहमीचे लक्षण. आरंभी ते ओसरते, पण वर्षानुवर्षे तीच धूळ पोटात गेली की दमा कायमचा मुक्कामाला येतो. कायद्याच्या परिशिष्टात हा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे आणि त्याची भरपाई मागता येते. पण ती मागायची कोणी? या वर्षी एका ठेकेदाराकडे, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे, आणि हजेरीपटावर नाव आहे की नाही याचीच खात्री नसलेल्या बाईने?

शहरात सध्या शारीरिक तंदुरुस्तीची चर्चा फार आहे. दिवसभर खुर्चीत बसणारा मध्यमवर्गीय पैसे देऊन घाम गाळतो, आणि मजुराकडे पाहून म्हणतो, 'यांना व्यायामाची काय गरज? यांचे कामच व्यायाम आहे.' हा मोठा भ्रम आहे. व्यायामानंतर विश्रांती असते, दूध-फळे असतात, आणि थकवा आला की थांबण्याचे स्वातंत्र्य असते. यांपैकी काहीही नसलेले श्रम शरीर घडवीत नाहीत, ते झिजवतात.

ही झीज किती, याचा हिशोब करता येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली जी मानके दिली त्यांनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला मध्यम श्रमांसाठी दिवसाला २,१३० आणि कठीण श्रमांसाठी २,७२० कॅलरी लागतात. ६५ किलोच्या पुरुषाला त्याच क्रमाने २,७१० आणि ३,४७०. आता शिधापत्रिकेवर काय मिळते ते पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला ५ किलो धान्य ठरवले आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यातून जेमतेम पावणेसहाशे कॅलरी मिळतात. मध्यम श्रमांच्या गरजेच्या पाव भागाहून किंचित अधिक, कठीण श्रमांच्या गरजेचा केवळ पाचवा भाग. हे धान्य मिळते हे चांगलेच आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. परंतु त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही. आणि ते गहू-तांदळाच्या रूपात येत असल्याने या भागातील ज्वारीची भाकर व तुरीचे वरण ही जुनी जोडी मजुराच्या ताटातून हळूहळू दूर होत आहे. उरलेले तीन चतुर्थांश अन्न मजुरीतून विकत घ्यावयाचे. म्हणून प्रश्न पुन्हा मजुरीवर येतो.

माणसाला जगण्यास किती लागते हे अन्नावरून मोजण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकात तुरुंगातील कैद्यांना व परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मजुरांना किती शिधा दिला जातो, हे पाहून हिशोब मांडला. सामान्य भारतीयाचे उत्पन्न तेवढ्या शिध्यालाही पुरत नाही, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे जे निकष ठरवले, त्यांत आहारशास्त्रज्ञ ॲक्रॉइड यांच्या शिफारशीचा आधार घेतला : प्रौढ माणसामागे २,७०० कॅलरी, आणि एका कमावत्यामागे कुटुंबाची तीन उपभोग-एकके. म्हणजे कुटुंबाला दिवसाला ८,१०० कॅलरी. कापडचोपड, घरभाडे, इंधन यांची भर त्यावर. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात शिक्षण, औषधोपचार इत्यादींसाठी आणखी २५ टक्के धरावेत असे सांगितले.

निकष चांगला आहे. त्यात हंगामी कामगार कसा बसतो ते पाहा. महिन्याचे वेतन २६ दिवसांच्या कामात मिळते, असे धरून रोजाचा दर काढला जातो. म्हणजे वर्षाच्या ३१२ दिवसांच्या मजुरीवर कुटुंबाने ३६५ दिवस जेवावे, अशी ही मांडणी. जिनात एखाद्या बाईला कार्तिकापासून चैत्रापर्यंत १५० दिवस काम लागले, आणि पूर्ण किमान दरही मिळाला, तरी तिच्या हाती त्या हिशोबाच्या निम्म्याहून कमी रक्कम येते. दर कायदेशीर, पण वर्ष अर्धपोटी! उरलेल्या महिन्यांत निंदण, वेचणी, मिळेल ते काम. आणि ते नसेल तेव्हा उधारी. दुसरी गोष्ट अशी की, याच निकषात स्त्रीचे स्थान कमावत्याच्या पत्नीचे आहे. रूढ मांडणीत पुरुष एक एकक, पत्नी ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६, स्त्रीची कमाई हिशोबात धरू नये, असे परिषदेने म्हटले होते. त्यामागचा हेतू प्रामाणिक होता : पुरुषाच्या एकट्याच्या मजुरीत घर चालावे. परंतु जी स्त्री स्वतःच दिवसभर टोपली वाहते, तिची भूक ०.८ कशी राहील?

येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो मामुली माणसाचा नाही. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी २,२५० कॅलरींच्या आधारे देशातील दारिद्र्य मोजले. त्यानंतर पां. वा. सुखात्मे यांनी असे मांडले की, माणसाची अन्नाची गरज ही ठरीव रेषा नव्हे. एकाच माणसात ती दिवसेंदिवस कमीजास्त होते आणि काही मर्यादेपर्यंत शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते. दांडेकरांनी त्यांच्याशी कसून वाद घातला. दोघेही महाराष्ट्राचे, दोघेही थोर संख्याशास्त्रज्ञ. सुखात्मे यांची एक गोष्ट मला मोलाची वाटते : पाणी अस्वच्छ असेल तर खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही, हे त्यांनी आग्रहाने सांगितले. परंतु 'शरीर जुळवून घेते' या विधानाचा मालकवर्ग जो अर्थ काढू शकतो, त्याला आपण ठाम विरोध केला पाहिजे. शरीर जुळवून घेते ते कशाच्या बळावर? वजन कमी करून, हालचाल कमी करून, दम लवकर लागू देऊन, आणि गर्भातल्या मुलाचा वाटा कापून. ही तडजोड फुकट होत नाही. तिची किंमत मालकाच्या हिशोबवहीत दिसत नाही, एवढेच.

ती किंमत रक्तात मात्र दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे प्रश्न ओसरत नाही, वाढतो आहे. येथे पुन्हा चहाच्या मळ्याकडे वळावे लागते. १९७९ साली श्रीलंकेतील एका चहामळ्यावरील कामगारांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तक्षय असलेल्या स्त्री-मजुरांना लोहाच्या गोळ्या दिल्या. महिनाभरात ज्यांचे हिमोग्लोबिन वाढले त्यांनी अधिक पाने खुडली, आणि ज्या अधिक अशक्त होत्या त्यांच्यात सुधारणाही अधिक झाली. त्याच वर्षी इंडोनेशियातील रबरमळ्यावरून असाच निष्कर्ष आला. 'ही बाई आळशी आहे' असे जे मुकादम म्हणतो, त्याचे उत्तर पुष्कळदा तिच्या रक्तात असते.

मग मालकाला स्वतःच्या नफ्यासाठी तरी कामगाराला जेवू घालण्याची बुद्धी का होत नाही? अर्थशास्त्रात लायबेन्स्टाइन यांनी १९५७ च्या सुमारास हा विचार मांडला की, मजुरी वाढली तर आहार सुधारतो, आहार सुधारला तर काम वाढते, आणि म्हणून पुरेशी मजुरी देणे मालकाच्याही हिताचे ठरू शकते. पण या विचारात एक अट दडलेली आहे : आज ज्याला खाऊ घातले तोच मजूर उद्या आपल्याकडे राहिला पाहिजे. चांगल्या आहाराचे फळ आठवड्यात येत नाही, महिन्यांनी येते. ठेकेदाराकडून रोजंदारीवर माणसे घेणाऱ्या जिनाला तेवढी वाट पाहण्याचे कारणच नाही. एक थकली तर फाटकाबाहेर दुसरी उभी आहे. बैल विकत घेतलेला असतो, म्हणून शेतकरी त्याच्या पेंडीची काळजी वाहतो. हंगामी मजूर कोणाचाच नाही, म्हणून त्याच्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या झोपडीवर ढकलला जातो. बाजारावर सोडून हा प्रश्न सुटणार नाही तो यामुळे. येथे कायदा आणि संघटना, दोन्ही लागतात.

कायद्याचे लक्ष आजवर कोठे होते? १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याचा रोख कापसातील भेसळ थांबवण्यावर होता. १९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. वाद झाले ते भावाचे आणि चुकाऱ्यांचे. शेतकऱ्याचा तो प्रश्न खराच होता, पण जिनातील मजूर त्या चर्चेत नव्हता. २००० साली केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि जिनांच्या आधुनिकीकरणाला साहाय्य मिळाले. रुईत कचरा राहू नये हा त्यामागचा उद्देश. कापूस स्वच्छ राहावा यासाठी शंभर वर्षांत इतके झाले! तोच कचरा जिच्या छातीत जातो, तिच्यासाठी काय झाले, असे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले, तेव्हा देशाने आपल्याकडे पाहिले. हळूहळू मरणाऱ्याची बातमी होत नाही.

उपाहारगृहाचेच उदाहरण घ्या. १९४८ च्या कायद्यात २५० हून अधिक कामगार असतील तरच ते सक्तीचे करता येत होते. नव्या संहितेने ही संख्या १०० वर आणली आणि त्यात ठेक्यावरचे कामगारही मोजायचे ठरवले. सुधारणा म्हणून तिचे स्वागत केले पाहिजे. पण यंत्रांना कापूस आपोआप पोचू लागलेल्या जिनात शंभर माणसांची हजेरी सहसा लागत नाही. तेव्हा कायदा सुधारला तरी ताट रिकामेच. ताटाची जागा कशाने भरली जाते? चहाने. सकाळी चहा, अकराला चहा, भाकरीबरोबर चहा, चारला चहा. साखरेने क्षणभर हुशारी येते आणि भूक मरते. शिवाय जेवणाबरोबर घेतलेला चहा धान्य-भाजीतील लोह अंगी लागू देत नाही. आधीच रक्त कमी असलेल्या बाईने भाकरीबरोबर चहा घेणे म्हणजे एका हाताने मिळवून दुसऱ्या हाताने सांडणे होय. चहा सोडा असे मी म्हणत नाही. त्या दिवसात तिला तेवढाच विसावा असतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे, एवढे कार्यकर्त्यांनी जरूर सांगावे.

आणि आपल्या घराकडेही पाहावे. स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची गरज, पुरुषाला १९. निसर्गाने तिची गरज दीडपट ठेवली आहे. आपल्या चुलीपुढचा कायदा मात्र असा की आधी पुरुष, मग मुले, शेवटी ती, आणि वरण तोवर संपलेले. मालकाविरुद्ध घोषणा देणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरीही हेच चालत असेल, तर आपल्या समतेला अर्थ नाही.

आता करायचे काय? माझ्या मते चार गोष्टी. पहिली : राज्य विम्यातील हंगामी कारखान्यांचे अपवर्जन रद्द करण्याची मागणी जिनिंगपासून चहापर्यंतच्या सर्व कामगारांनी एकत्र करावी. हंगामी मजुराच्या नोंदी ठेवणे अवघड, ही जुनी सबब आता चालणार नाही. राज्य विम्यात रूढ असलेला अंशदानाचा एक काळ ऑक्टोबर ते मार्च असा आहे. जिनाचा हंगाम त्यात जवळजवळ पुरता बसतो. आजारलाभासाठी लागणारे ७८ दिवस त्यात सहज भरतात, आणि त्यावरचा लाभाचा काळ जुलै ते डिसेंबर, म्हणजे पावसाळ्यातील दुखण्यांचे व चणचणीचे महिने, असा येतो. मालकाचे अंशदान मजुरीच्या सव्वातीन टक्के, कामगाराचे पाऊण टक्का. एवढ्याने जिने बंद पडणार नाहीत. दुसरी : हजेरी बाईच्या स्वतःच्या नावावर लागलीच पाहिजे. प्रसूतिलाभासाठी मागील वर्षात ८० दिवसांचे काम पुरते. दिवस तर भरतात, पुरावा नसतो. तिसरी : एका बाजारपेठेतील चार-पाच जिनांनी मिळून एक स्वयंपाकघर चालवावे, आणि मधल्या सुट्टीत भाकर, वरण, पालेभाजी, दाणे-गूळ असे गरम जेवण द्यावे. चौथी : हंगामाच्या आरंभी व अखेरीस प्रत्येक कामगाराचे वजन, हिमोग्लोबिन आणि श्वासाची तपासणी व्हावी, आणि तिची नोंद कामगाराच्याच हाती राहावी. ती नोंद दोन वर्षे ठेवली तर हंगामाने शरीर किती खाल्ले हे आकड्यांत दिसेल. आणि वेतन-समितीपुढे घोषणेपेक्षा आकडा अधिक बोलतो, हे मी अनुभवाने सांगतो.

यांतील चौथी गोष्ट कोणत्याही सरकारची वाट न पाहता याच हंगामात सुरू करता येईल. एक वजनकाटा, एक वही, गावातील आरोग्यसेविकेचे साहाय्य आणि लिहिता येणारा एक तरुण, एवढे पुरे. साथींनो, कामगाराचे तास मोजण्यासाठी आपल्या पूर्वसूरींनी लढा दिला. आता त्याच्या ताटातील घास मोजण्यास सुरुवात करू या. येत्या हंगामात जिनांचे भोंगे वाजतील, त्या दिवशी फाटकावर हजेरीच्या वहीशेजारी आपली ही दुसरी वही असावी, एवढेच माझे मागणे आहे.